तिघांपुरता ट्रेलर

गाडीमागे जोडायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर बघायला गुणाजी त्या दिवशी रुचिराला घेऊन मिरजोळ्याला गेले. सगळा जन्म तांडेल म्हणून होडी हाकण्यात काढलेला. होडी विकत घेत असल्यासारखं त्यांनी प्रत्येक ट्रेलरचं बूड ठोकून पाहिलं आणि शेवटी तिघांना झोपता येईल असा पसंत केला.

“बाबा, आपण चौघं. तुम्ही कुठे झोपणार?”

“तांडेल रात्री निजतो काय गो?”

ती खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी जेवताजेवता ते गेले.

तेराव्याला भाऊ, केतन, खाली मान घालून म्हणाला, “हृदय फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. आईला नि मला ठाऊक होतं. रुचीला कळू देऊ नका, बाबाच म्हणाले, रडत बसेल.”

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला तेवढं हसवत ठेवलं होतं.

बापाला उलट उत्तर तिने कधी दिलं नव्हतं. ती उठली, फोटोसमोर उभी राहिली आणि आलेल्या पाहुण्यांदेखत म्हणाली, “रडले असते, बाबा. पण तुमच्याजवळ बसून रडले असते. तेवढंही तुम्ही मला मिळू दिलं नाहीत.”