सासऱ्यांचा तराजू

घरच्या घरी काडतुसं भरायचं खूळ श्रीनिवासच्या डोक्यात शिरलं ते जॉर्जमुळे. जॉर्ज मूळचा वसईचा. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात दोघं एकाच सेक्शनला इंजिनियर. दर शनिवारी जोडीनं वॉलॉंगॉंगच्या रायफल क्लबात जायचे, पुठ्ठ्याच्या गोलांवर गोळ्या झाडायचे आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास कपड्यांना घेऊन परतायचे. मेधाला त्या वासानं शिसारी यायची. पण नवऱ्याची हौस म्हणून ती नाक दाबून शर्ट धुवायची.

पण हौसेलाही काही हद्द असते! वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या चिंचेनं लखलखतात, हे श्रीनिवासला आपल्या आईच्या देवघरातल्या भांड्यांवरून आठवलं. मग काय, सिडनीहून ट्रेननं आणलेली चिंच या महाभागानं त्या काळ्या पुंगळ्यांना फासली, तीसुद्धा मेधाच्या आमटीच्या पातेल्यात. तिनं पातेलं दोन बोटांत धरलं आणि सरळ बाहेरच्या बिनमध्ये टाकलं.

“अगं, घासून घेतलं असतंस!” श्रीनिवास कळवळला.

त्या रविवारी जॉर्ज चहाला आला. टेबलावर दुकानाचा कॅटलॉग पसरला होता आणि श्रीनिवास प्रत्येक वस्तूची किंमत बघून चक् चक् करत होता.

“हे बघ मेट, प्रेस सेकंडहँड घे,” जॉर्ज म्हणाला. “हातानं दाबायची, एका वेळी एकच काडतूस करणारी. नवशिक्याला तीच बरी. आतला साचा, ती डाय, मात्र नवीन घे, तुझ्या रायफलच्या मापाची. आणि तराजू एकदम फर्स्टक्लास. दारू जरा जास्त पडली ना, तर रायफल तोंडावर फुटेल. तिथे चिंगूसपणा करू नको.”

“तराजू घरात आहे की,” श्रीनिवास खुशीत म्हणाला. “आमच्या बाबांचा. सोनं तोलायचा. त्याच्यापेक्षा नाजूक काटा तुला अख्ख्या ऑस्ट्रेलियात मिळणार नाही.”

कपात चहा ओतता ओतता मेधाचा हात थांबला.

सासऱ्यांची ठाण्याला सोन्याचांदीची पेढी होती. ते गेले तेव्हा श्रीनिवासनं दुसरं काही मागितलं नाही, तेवढा तराजू आणला. दर दसऱ्याला तो साइडबोर्डवर मांडायचा, हळदकुंकू वाहायचा आणि म्हणायचा, “बाबा म्हणजे देवमाणूस.” शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या मेधाला त्या देवमाणसाची किळस यायची. तिचे वडील अलिबागला ड्रॉइंग मास्तर. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्याही व्याह्यांच्याच पेढीवर. व्याह्यांवर अविश्वास कसा दाखवायचा, म्हणून तोलताना ते भिडेपोटी रस्त्याकडे बघत बसले. सोनं बरंच कमी भरलं. “झिजल्या असतील,” एवढंच ते घरी येऊन म्हणाले.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासऱ्यांनी नव्या सुनेला तराजू पुसायला दिला. पुसता पुसता तिनं गंमत म्हणून दोन सारखी, कोरी नाणी दोन पारड्यांत ठेवली. उजवं पारडं खाली गेलं. नाणी अदलाबदल केली, तरी उजवंच खाली. म्हणजे गिऱ्हाइकाचं सोनं ठेवायचं ते डावं पारडं कमीच दाखवत होतं. तिला सगळं उमगलं. पण नवऱ्याचा देव कशाला फोडायचा, म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं. गप्प बसणंसुद्धा शेवटी ओझंच होतं, आणि ते तिनं एकटीनं वाहिलं.

आणि आता हा माणूस त्याच काट्यावर दारू तोलणार होता. काटा सांगेल त्यापेक्षा दारू जास्त पडणार आणि रायफल त्याच्या तोंडाशी असणार.

“नवा तराजू घ्या. माझ्या वाढदिवसाचं काही नको,” ती आठवडाभर सांगत राहिली.

“बाबांचा हात लागलेली वस्तू आहे,” तो म्हणे. विषय संपला.

शनिवारी सकाळी तो घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, लाँड्रीत, तराजू मांडून बसला. दारू डाव्याच पारड्यात ओतायला लागला, तसा मेधाचा धीर सुटला.

“थांबा! तो काटा खोटा आहे. तुमचे बाबा लोकांना फसवत होते,” ती एका दमात बोलून गेली. नाणी, दसरा, सगळं. बोलताना तिला रडू येत होतं, कारण तो आता मोडून पडणार असं तिला वाटत होतं.

श्रीनिवासनं मानसुद्धा वर केली नाही.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “आधी डावीकडे वजनं ठेवायची, उजवीकडे बारीक शिसं टाकून काटा मधे आणायचा. मग वजनं काढून त्याच जागी दारू. चोख उतरते. बाबांनीच शिकवलंय. घरचं सोनं आम्ही असंच तोलायचो.”

मेधानं तराजूकडे पाहिलं. घरचं सोनं असं, आणि बाहेरच्यांचं तसं.

“आणि माझ्या आईच्या पाटल्या?”

“अगं, धंद्यात चालतं ते. आणि शेवटी सोनं कुठे गेलं? आपल्याच घरात राहिलं ना? नो वरीज!” तो हसला. पुंगळीत दारू ओतून त्यानं बोटं पँटला पुसली.

बाहेर जॉर्जच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“त्या दिवशी पाटल्या कोणी तोलल्या?” मेधानं विचारलं. अहो-जाहो गळून पडलं. “तू होतास तिथे?”

“बाबांचा हात दुखत होता,” श्रीनिवास म्हणाला. “मीच तोलल्या.”

इतकी वर्षं तिनं भलत्याच माणसाची किळस केली होती.