थांबत थांबत अमरकंटक

श्यामकांतांनी वळून पाहिलं तर मंदाकिनी पुन्हा गायब! मागे तळ्याकाठी उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बाईपुढे ती चक्क मांडी घालून बसली होती.

"मंदा, काय करून राहिली तू? बाराच्या आत मंत्रालय गाठायचं आहे!"

"चार शिंगाडे खाल्ल्यानं मंत्रालय पळून नाही जात. या, गरम आहेत."

श्यामकांतांच्या कपाळावरची शीर तटतटली. समता कॉलनीतल्या गुलाबरावांचा चालणाऱ्यांचा ग्रुप संक्रांतीनंतर पायी, नर्मदेच्या उगमापाशी, अमरकंटकला निघणार होता. अट एकच. रायपुरातल्या तेलीबांधा तळ्यापासून पहाटे निघून बाराच्या आत नव्या रायपूरचं मंत्रालय गाठायचं, तरच ग्रुपमध्ये जागा. श्यामकांतांना जायचं होतं, आणि जायचं ते दोघांनी. नोकरीपायी बायकोला कुठे म्हणून नेलं नव्हतं, ही सल त्यांना रिटायर झाल्यापासून सुखानं जेवू देत नव्हती. आणि ही बाई बघा! आधी चहा, मग कुणाच्या तरी कुंपणावरचा गोकर्ण, आता शिंगाडे.

"तू ये मागून," ते फणकारले आणि निघाले.

पुढे रस्ता रुंद, गुळगुळीत, मोकळा. पाय सपासप पडू लागले. सबंध नोकरी मालगाडीचे गार्ड म्हणून गेली होती. मागून एक्स्प्रेस आली की यांची गाडी बाजूच्या लाइनीत तासन् तास उभी, आणि हे शेवटच्या डब्यात माशा मारत. थांबण्याचाच त्यांना वीट आला होता. आज मात्र अडवणारं कुणी नव्हतं. बघता बघता मंत्रालयाची इमारत समोर आली, बाराला अजून अवकाश होता.

"जमलं की!" ते मोठ्यानं म्हणाले आणि टाळीसाठी हात बाजूला केला. बाजूला कुणीच नव्हतं. हात हळूच खिशात घालून ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले, आणि मग आल्या वाटेनं परत फिरले.

बरंच अंतर मागे, रस्त्याकडेच्या करंजाखाली मंदाकिनी चपला काढून बसली होती.

"काहून परत आले? पोहोचले नाही का?"

"पोहोचलो होतो."

"मग?"

"मजा नाही आली." ते तिच्या शेजारी टेकले. "रागावू नको मंदा. जिंदगीभर थांबलो ना मी. आता कोणी थांब म्हटलं की डोकं फिरते."

मंदाकिनी हसली. तिनं पदरानं त्यांच्या मानेवरचा घाम पुसला.

"ते दुसऱ्याच्या गाडीसाठी थांबत होते जी तुम्ही. हे आपलं आहे."

 श्यामकांतांनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पाय गवतात लांब केले. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"श्यामकांत भैया, बारा वाजले! कुठं आहात?" गुलाबरावांचा आवाज मंदाकिनीलाही ऐकू गेला.

"झाडाखाली. गुलाबराव, आमची दोघांची नावं काढून टाका. आम्ही आमचे जाऊ. दिवाळी झाली की निघू."

"आमच्या आधी? अन् पोहोचाल कधी?"

श्यामकांतांनी फोन बायकोच्या हातात दिला.

"गुलाबरावभाऊ," ती म्हणाली, "मागून तुम्ही याल, तेव्हा रस्त्यातच कुठंतरी भेटू. चहा आमच्याकडे."