कर्नेलचं उद्घाटन

केजमध्ये मुतारीचंसुद्धा उद्घाटन होतं. तिथे सर्व्हरचं कर्नेल गुपचूप बदलू देतील ते विजयसिंह कसले!

त्यांची वेब होस्टिंगची कंपनी बसस्टँडमागच्या एका गाळ्यात, आणि सर्व्हर तिकडे मुंबईत, कुणाच्या तरी इमारतीत. तालुक्यातल्या शाळांपासून युसूफ वडगावच्या बियाण्यांच्या दुकानापर्यंत सगळ्यांच्या वेबसाइट आणि मेल त्या एका सर्व्हरवर. कंपनीचा स्वतःचा मेलही तिथेच. हे सगळं अपेक्षा एकटी सांभाळायची. कर्नेल म्हणजे सर्व्हर ज्याच्या जिवावर चालतो तो मूळ प्रोग्राम. जुन्या कर्नेलमध्ये चोर शिरेल असं भोक सापडलं होतं. नवं टाकून सर्व्हर एकदा बंद करून चालू करणं भाग होतं. उठलाच नाही, तर मुंबईत बटण दाबायला आपलं कुणी नाही, हे तिने चार वेळा समजावलं.

विजयसिंहांनी त्यातलं ‘चालू करणं’ तेवढं ऐकलं आणि माजी सभापती अर्जुनराव आबांना निमंत्रण धाडलं. फ्लेक्स लागला. वर आबा, खाली आबांचे चिरंजीव, आणि कोपऱ्यात सर्व्हर म्हणून कुठल्याशा फ्रीजचा फोटो.

मग आदेश सुटला. कार्यक्रमाआधी जुनं कर्नेल पुसून टाका, शुभकार्यात जुनंपानं नको. आणि सर्व्हर उठला नाही तर उद्यापासून येऊ नका, हेही त्यांनी हसत हसत सांगून टाकलं. अपेक्षा ‘बरं’ म्हणाली आणि जुनं तसंच ठेवलं. वर सर्व्हरला बजावलं की नव्यावर एकदाच उठून बघ, नाही जमलं तर आपणहून जुन्यावर ये. तिला ही नोकरी हवी होती. असं काम केजात दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

अकराचा कार्यक्रम, आबा दीडला आले. नारळ फुटला, कीबोर्डला हळदकुंकू लागलं. आबांनी एंटर दाबलं, फोटो हलला म्हणून पुन्हा दाबलं. टाळ्या पडल्या आणि सर्व्हर बंद झाला.

आबा विज्ञानाच्या प्रगतीवर बोलू लागले. चार मिनिटं झाली, पाच झाली. विजयसिंहांचा फोन थरथरायला लागला, एकेक गिऱ्हाईक साइट बंद पडल्याची तक्रार करू लागलं. ते अपेक्षाकडे असे बघत होते, जणू तिने आबांच्या ताटातली पुरणपोळी उचलली. सातव्या मिनिटाला स्क्रीन हलली, सर्व्हर उठला. विजयसिंहांनी माइक ओढून घेतला आणि हा सगळा आबांचा हातगुण असल्याचं जाहीर केलं.

आबांची गाडी गेल्यावर अपेक्षा विजयसिंहांजवळ गेली.

“सर, नवं उठलंच न्हाई. त्यात काहीतरी अडतंय. सर्व्हर जुन्यावर आलाय. ते पुसलं असतं तर आता काहीच न्हवतं.”

विजयसिंहांनी मान डोलावली. मामला कळला असावा, असं तिला क्षणभर वाटलं.

“म्हंजी जुनं पुसलं न्हाई तुमी,” ते म्हणाले. “कावून? मी पुसा म्हणलतो न्हाई का?”

संध्याकाळी तिला मेलने नोटीस आली. वरिष्ठांचा आदेश डावलून जुने कर्नेल ठेवल्याबद्दल चोवीस तासांत लेखी खुलासा करावा. मेल लगेच पोचला, जुन्याच कर्नेलवरून.