तोंडी परीक्षेचा नियम

आईला जाऊन महिना झाला, तेव्हा विद्यापीठाच्या समावेशन समितीने लेकीला बोलावलं. वीस वर्षं आईनेच तिथले नियम लिहिले होते. त्यातला तोंडी परीक्षेचा नियम सगळ्यात गाजला: अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्याचं वाक्य परीक्षकाने पूर्ण करायचं नाही, थांबायचं.

लेकही अडखळतच बोलायची.

"मॅडम माझ्या तोंडी परीक्षेत एकदा अकरा मिनिटं थांबल्या," समितीतली संशोधक मुलगी अडखळत, शब्द जुळवत म्हणाली. "घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही."

 घरी आईने लेकीला अकरा सेकंदही दिले नव्हते. तिने 'मला' म्हणावं आणि आईने 'भूक लागलीय ना' म्हणत ताट वाढावं, लागलेली नसली तरी. मायेनेच, पण घाईत. या परक्या पोरीच्या वाट्याला आलेला तो धीर तिला हिसकावून घ्यावासा वाटला.

"नियमाला आईंचं नाव देऊ या," अध्यक्ष म्हणाले. "तुमची संमती हवी."

"माझी... सं..."

"संमती आहेच. छान." अध्यक्षांनी लिहूनही टाकलं.

"सर, त्यांचं बोलणं व्हायचंय," ती मुलगी म्हणाली आणि लेकीकडे निवांत बघत राहिली. हे असं बघणं आईनेच शिकवलं असणार. लेकीला त्या मुलीचा भयंकर राग आला, आणि तिच्यावरून नजरही हटेना.

"सं... संमती नाही," बऱ्याच वेळाने लेक म्हणाली. "नियम चांगला आहे. नाव नको."

अध्यक्षांनी लिहिलेलं खोडलं.