उंबऱ्यावरचं नाव

आता खुशाल नावं घेते दोघांची. तवा नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यातच घ्यायचं. पहिला यवतचा, ज्ञानदेव. तो मारायचा, म्हणून काडीमोड झाला. मग भावांनी शिरूरच्या हनुमंताशी पाट लावून दिला. त्योबी मारायला लागला. शेवटी मी कारेगावला खोली घेतली आन् कंपनीच्या कॅन्टीनमधी चपात्या लाटायला लागले. पण डोक्यात एकच भुंगा. घरं दोन, नवरे दोन, मार मात्र तोच. मग खोट माझ्यातच न्हाई ना?

आई म्हणायची, टाळी एका हातानं वाजत न्हाई. आगं, पण थोबाडीत तर एकाच हातानं वाजती की! हे तवा सुचलं न्हाई, आत्ता सुचतंय.

दिवाळीच्या तोंडावर हनुमंत खोलीवर आला. "चल घरी. पुन्हा हात लावणार न्हाई, बिरोबाची आण." डोळ्यांत पाणीबी आणलं. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू? गेले त्याच्यासंगं शिरूरला.

दारात नणंद प्रगती आडवी झाली. "वैनी, नाव घ्या, मगच आत!" गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. सासू भाकरतुकडा ओवाळायला उभी. मलाबी नव्या नवरीगत लाज वाटली, बरं वाटलं. मी तोंड उघडलं.

"मार्केट यार्डात कांदा, कांद्याला आला भाव,
सासूबाईंच्या उंबऱ्यावर घेते ज्ञानदेवांचं नाव."

आई गं! माझं मलाच कळंना हे कुठनं आलं. एक बाई फिसकन हसली. हनुमंत नुसता माझ्याकडं वळला, तर माझं कोपर आपोआप तोंडावर गेलं, यवतला जायचं तसंच. त्यानं हात आजून उचलला न्हवता. मग उचलला.

सासूनं तो वरच्यावर धरला. मला लई हायसं वाटलं. म्हटलं, म्हातारीला काळीज हाय. तर ती दबक्या आवाजात त्याला म्हणली, "येडा का खुळा तू? चार बायकांत नगं. आधी आत तर घे तिला."

प्रगती घाईघाईनं म्हणली, "चुकलं असंल वैनींचं. परत घ्या की नाव."

"न्हाई घेत," मी म्हणले. एवढं बळ कुठनं आलं, देव जाणे. पिशवी तिथंच टाकली आन् तशीच मागं फिरले. हनुमंत हाका मारत हुता, आधी गोड, मग शिव्या.

एसटीत रडले. त्यातलं थोडं हनुमंतासाठी हुतं, याचा मला आणखीनच संताप आला. खोट कुणात, बरोबर केलं का चुकलं, काही उमगंना. शेजारची बाई पदरानं वारा घालत म्हणली, "माहेरी चाललीस का सासरी, बाई?"

"कारेगावला."

"तिथं कोण असतं?"

"मी असते," म्हणले, आन् ते ऐकून मीच दचकले.