हवा येतीया कुठनं

आबांनी उदबत्ती बंद केली तरी घरातला धुराचा वास गेला नाही, आणि तिथंच आशुतोषची पंचाईत झाली.

आबा म्हणजे त्याचे वडील, प्रल्हादराव. कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आले होते, तीन महिन्यांसाठी, आयर्लंडमधल्या पोर्टलीशला. आणि नेमका त्याच आठवड्यात घरात वास सुरू झाला. पाच वर्षांच्या स्वरांगीला खोकला लागला. निशिगंधा, म्हणजे आशुतोषची बायको, हॉस्पिटलात डॉक्टर. ती म्हणाली, आबा, थोडे दिवस उदबत्ती नको. अगदी गोड बोलून म्हणाली. पण लागायचं ते लागलंच.

आबांनी पुडा बॅगेत टाकला. दहा दिवस गेले, वास तसाच. मग एकदा चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, मंगळवारचं परतीचं तिकीट मिळतंय का.

"माझ्या कपड्यांनाच वास असंल रे," ते म्हणाले. "पोरगी खोकतीया, मला न्हाई बघवत."

आशुतोषनं बघतो म्हणून विषय टाळला. त्याला ठाऊक होतं, आबा आत्ता असे गेले तर पुन्हा येणार नाहीत.

वास यायचा तो किचनमागच्या युटिलिटी रूममधून. तिथं पेलेट बॉयलर होता, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळून घर गरम करणारा. आशुतोषनं यूट्यूब बघून राख काढली, काजळी खरवडली. बॉयलरच्या दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढून बघितला. कागद हलेना, म्हणजे दार घट्ट. निशिगंधा रोज कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघायची. बटण दाबलं की वाजायचा, एरवी गप्प. शेवटी डेक्लन नावाच्या मेकॅनिकला फोन लावला. तो गुरुवारी येतो म्हणाला, आणि विचारलं, व्हेंट मोकळा आहे ना? आशुतोषला वाटलं, छपरावरच्या धुराच्या पाइपचं विचारतोय. तिथल्यासारखं ग्रँड, ग्रँड, म्हणजे सगळं ठीक, म्हणाला आणि ठेवला फोन.

शनिवारी दुपारी निशिगंधानं ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि एक्झॉस्ट फुल सोडला. तो दांडगा फॅन त्यांनी मुद्दाम बसवून घेतला होता. फोडणीचा वास आला की स्वरांगी मैत्रिणींसमोर कानकोंडी व्हायची, म्हणून. पाच मिनिटांत वास आला. मिरचीचा नव्हे, जळक्या लाकडाचा.

आबा खुर्चीत ताठ झाले. मग उठून खोलीत गेले, आले ते हातात पुडा घेऊनच.

"सूनबाई, एक उदबत्ती लावू का? देवाला न्हाई, बॉयलरला."

निशिगंधा क्षणभर घुटमळली. मग तिनं स्वरांगीला वर पाठवलं आणि काड्यापेटी स्वतःच पुढे केली.

आबांनी पेटती उदबत्ती बॉयलरमागच्या पाइपच्या सांध्यापाशी धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलट फुंकर मारल्यासारखा किचनकडे पळाला. आबांनी फॅन बंद करायला सांगितला. धूर सरळ झाला, डुलला, आणि हळूच सांध्याकडे वळला. पुन्हा फॅन लावला तर पुन्हा किचनकडे.

"ड्राफ्ट उलटतोय, धूर वर जायचा त्यो घरात येतोय," आबा म्हणाले. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज कारखान्यातला वाटला. "ह्यो फॅन घरातली हवा भायेर फेकतोय. बॉयलरलाबी हवा पायजे. मग आत हवा येतीया कुठनं?"

आशुतोष खिडकीतून म्हणणार होता. पण खिडक्या सगळ्या बंद, काचाही नवीन, घट्ट बसणाऱ्या. मग त्याची नजर इस्त्रीच्या टेबलामागे गेली.

टेबल सरकवलं. मागं भिंतीत बशीएवढी जाळी होती. तिच्यात दोन जुने टॉवेल कोंबलेले, वरून टेप. त्यानंच कोंबले होते, आबा यायच्या आदल्या दिवशी. डेक्लननं विचारला तो व्हेंट हाच, हेही आत्ता डोक्यात शिरलं.

"इथून गार वारा यायचा," तो म्हणाला. "तुमची खोली शेजारीच. म्हटलं, तुम्हाला थंडी वाजेल."

आबांनी वाकून टेपचं टोक नखानं उचकटलं.

"आरं, मग मोजं द्यायचं की मला. बॉयलरचं नाक कशाला दाबलंस?"

निशिगंधा हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. मिरचीमुळं असेल. मग आबांजवळ येऊन म्हणाली, "चुकलं माझं. उगाच तुमच्या उदबत्तीवर आळ घेतला."

"तसं काय न्हाई," आबा पुटपुटले, आणि उदबत्ती सिंकमध्ये नीट विझवली.

आशुतोषनं टॉवेल उपसले, खिडक्या उघडल्या आणि डेक्लनला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, मी तपासेपर्यंत पेटवू नका. त्यामुळं घर गार पडायला लागलं. वरून स्वरांगी ओरडली, "आजोबा, इट्स फ्रीझिंग!" आबांनी आपली माकडटोपी तिच्याकडे पाठवून दिली.

संध्याकाळी आशुतोषनं लॅपटॉप उघडला आणि हळूच विचारलं, मंगळवारच्या तिकिटाचं काय करू?

आबा शालीत गुरफटून बसले होते.

"तो डेक्लन गुरवारी येणार म्हंतोस," ते म्हणाले. "मग मी मंगळवारी कसा जाईन? त्याला उदबत्ती कोण धरून दाखवणार?"