कंट्रोलच्या अळ्या

हडपसरच्या दिगंबर हरपळ्यांच्या शेडमधल्या रेशमाच्या अर्ध्या अळ्या वाचल्या, अर्ध्या मेल्या. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू. दिगंबररावही दोन दिवस तसंच धरून चालले होते.

"दिवेलागण झालीय," दारात उभ्या उत्कर्षाला ते म्हणाले. "बाटलीत काय हाय?"

"जंतू," उत्कर्षा म्हणाली. ती कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती आणि खरं बोलायची तिला वाईट खोड होती. "चांगले जंतू, काका. तुतीच्या पाल्यावर फवारायचे. अळीचं पोट सुधारतं, रोग टिकत नाही, कोष जड होतात. विरजणच समजा."

तिथंच ती फसली. दिवेलागणीनंतर विरजण कोणी कोणाला देत नाही. दिगंबररावांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, सख्ख्या जावेला दिलं नव्हतं. आणि ही पोरगी न मागता, घरपोच द्यायला आली होती!

"बिल्डरनं धाडली असंल," बाटली ठेवून ती गेल्यावर दिगंबरराव बायकोला म्हणाले.

"अवो, स्कूटीवरनं आली ती," गोदाबाई म्हणाल्या. "बिल्डरची माणसं सुमोतनं येत्यात."

संशयाला कारण होतं. मागच्या दोन्ही खेपांच्या अळ्या रोगानं मऊ पडून काळ्या झाल्या होत्या. भिंतीपलीकडे आयटी पार्क उभं राहिलं होतं, बिल्डरचा शेडच्या जागेवर डोळा होता आणि मुलगा माधव स्पष्टच म्हणाला होता, "आबा, ही खेप गेली तर शेड कॉल सेंटरच्या गाड्यांना पार्किंगला देणार. गाड्यांना रोग होत नाही."

दिगंबररावांनी डाव टाकला. दाराकडच्या रॅकला फवारलेला पाला घातला. मरायच्या तर त्या मरतील. खिडकीकडच्या रॅकवर निवडक, लाडक्या अळ्या होत्या. त्यांना धुतलेला पाला आणि वर गोणपाटाचा आडोसा, म्हणजे जंतूंची नजर पडायला नको.

अळ्या पाला खातात तेव्हा पंगतीत एकदम पापड मोडल्यासारखा आवाज होतो. एका सकाळी खिडकीकडची पंगत गप्प होती. दिगंबररावांनी गोणपाट उचललं नाही. दुसऱ्या दिवशी वास आला, तरी उचललं नाही. दाराकडच्या अळ्या मात्र माना वर करून कोष विणायला जागा शोधत होत्या.

शेवटी गोणपाट उचललं ते अळ्या बघायला आलेल्या उत्कर्षानं. दिगंबररावांनी सगळं सांगून टाकलं आणि चार शब्द ऐकून घ्यायला मान खाली घातली.

"काका!" ती आनंदानं ओरडली. "तुम्ही कंट्रोल ठेवलात?"

"कंट्रोल?"

"म्हणजे ज्यांना औषध द्यायचं नाही, त्या. त्या मेल्या, म्हणून तर या कशानं जगल्या ते कळलं. सर जाम खूश होतील!"

दिगंबररावांनी एक काळी पडलेली अळी तळहातावर घेतली.

"पोरी, कंट्रोलच्या दुकानात रांगा लावून हयात गेली आमची. तांदळात खडे असायचे, पण समद्यांना मिळायचं. कंट्रोल म्हंजे कायच न देणं, हे कवापासनं?"

"नव्वदनंतर," माधव दारातून म्हणाला.

अर्धी खेप हाती लागली, म्हणून माधवनं अर्धीच शेड गाड्यांना दिली. खिडकीकडची.

पुढच्या प्रयोगाआधी दिगंबररावांनी कॉलेजला अर्ज धाडला:

'महोदय, अर्जदाराच्या खिडकीकडील अळ्या आता हयात नाहीत. तरी यापुढील प्रत्येक प्रयोगात कंट्रोलच्या अळ्यांनाही, दिवेलागणीपूर्वी, दाराकडील अळ्यांइतकेच विरजण मिळावे, ही नम्र विनंती.'